माझं माप सातशे अठरा

"काका, जो पहिला येईल त्याचं इंजिन उघडून मोजणार का तुम्ही? की नुसतं तोंडी विचारणार?"

नाशालीने हा प्रश्न विचारला तो मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. आमच्या बेटावरच्या सालिनास गावच्या किनाऱ्यावर, स्पर्धेच्या सकाळी, सगळे स्पर्धक पंचांभोवती उभे होते. ग्लोरिमार आणि देबोरा मागून तिला कोपराने ढोसत होत्या. "विचार ना गं! नाहीतर आख्खा उन्हाळा तुला भित्री भागूबाई म्हणणार." मग काय, बाईसाहेबांनी हात वर केला आणि विचारून मोकळ्या झाल्या. सगळे हसले.

मित्रांनो, मी मात्र हसले नाही. एक तर मी जेट स्की आहे, मला हसता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, मला माझं माप माहीत होतं.

होय, मी एक जुनी जेट स्की आहे, उभं राहून चालवायची. माझ्यावर बसायला जागाच नाही. ज्याला बसायचं असेल त्याने खुशाल बोटीतून जावं! माझं अंग फायबरचं, हँडलाचा दांडा वर-खाली होणारा, आणि पोटात दोन सिलिंडरचं इंजिन. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझं माप होतं सातशे एक सीसी. सीसी म्हणजे सिलिंडरांच्या पोटातली जागा. पोट मोठं तर इंधनाचा घास मोठा. घास मोठा तर पाण्याला मारलेला धक्का जोरदार, आणि धक्का जोरदार तर हवेतली कोलांटी उंच. साधं गणित आहे.

म्हणूनच आमच्या कसरतींच्या स्पर्धेत दोन गट असतात. खुल्या गटात मापाचं बंधन नाही. तिथे हजार हजार सीसीचे राक्षस येतात आणि हवेत दोन दोन गिरक्या घेऊन उतरतात. त्यांच्यासमोर शाळेतली पोरं काय टिकणार? म्हणून हौशी गटाला मर्यादा घातली आहे, सातशे पंधरा सीसी. तुम्ही म्हणाल, सातशे पंधराच का? तर आमच्या किनाऱ्यावर नवी गाडी घेतो कोण! सगळ्या माझ्यासारख्याच, वापरलेल्या. खाऱ्या पाण्याने सिलिंडर झिजतो. मग मेकॅनिक त्याला बोअर मारतो, म्हणजे आतून पाव मिलिमीटर कोरतो, आणि तेवढा मोठा पिस्टन बसवतो. दर दुरुस्तीला आमचं पोट थोडं वाढतं. तीन बोअरपर्यंत माफ, असा विचार करून पंच एवारिस्तोकाकांनीच ती मर्यादा आखली होती.

माझा पहिला मालक फौजी होता. काय माझा थाट होता तेव्हा! रविवारी मी पाण्यात उतरले की लोक हातातले गरमागरम आल्कापुर्रिया वडे खायचे विसरायचे. मग त्याची बदली झाली आणि मी शेडमध्ये पडले. पुढे चक्रीवादळ आलं. त्यात शेड गेली, मी गेले, आणि खारफुटीच्या चिखलात उलटी रुतून बसले. दोन वर्षं माझ्या इंजिनात खेकड्यांचं कुटुंब नांदत होतं. चांगली माणसं होती, पण भाडं देत नव्हती.

तिथून मला ओढून काढलं ते ओबेदने. तो मासेमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने मला पहिला बोअर मारला, नवा रंग दिला आणि रोज गोड्या पाण्याने धुवायला लागला. त्याची बायको मिग्दालिया शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि तिची जीभ मिरचीसारखी आहे. ती म्हणायची, "ओबेद, आपल्या लग्नाच्या फोटोवर बोटभर धूळ आहे, आणि हिला रोज आंघोळ!" त्यांची मुलगी नाशाली तेव्हा नऊ वर्षांची होती. माझा दांडा तिच्या हनुवटीला लागायचा. आता ती सोळा वर्षांची आहे, आणि तिच्या पायांचा भार किंचित सरकला तरी तिला कुठे वळायचंय ते मला कळतं. मधल्या वर्षांत दुसरा बोअर झाला, तिसरा झाला. त्यात काही नवल नव्हतं.

चौथा मात्र व्हायला नको होता.

गेल्या डिसेंबरात, सणासुदीच्या गडबडीत, नाशाली रोज मला पाण्यातून काढायची आणि तशीच सोडून गाण्याबजावण्याला पळायची. धुणं उद्यावर. उद्याचं परवावर. मीठ आत सुकत गेलं आणि जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी, माझा पिस्टन जाम झाला. ओबेदने गुपचूप चौथा बोअर मारला आणि मूळच्यापेक्षा एक मिलिमीटर मोठे पिस्टन बसवले. मी पुन्हा सुरू झाले, त्या आनंदात माप काढायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

आता वळूया त्या सकाळकडे. आमच्याकडची रीत अशी, की स्पर्धेआधी आपल्या गाडीच्या हूडवर, म्हणजे इंजिनावरच्या झाकणावर, हात ठेवायचा आणि माप सांगायचं. झालं. नाशालीनेही थोड्या वेळापूर्वी माझ्यावर हात ठेवून अगदी ठणकावून सांगितलं होतं, "सातशे एक!" तिच्या मैत्रिणींचा संशय होता तो यानिएलवर. तो ग्वाय्नाबो शहरातला, श्रीमंत घरचा मुलगा, आणि त्याची गाडी एकदम कोरी करकरीत.

"माझं इंजिन बघायचंय का?" यानिएल म्हणाला. "ये ना, सेल्फी पण काढ त्याच्याबरोबर."

एवारिस्तोकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आठ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नाही, पोरी. पण प्रश्न रास्त आहे. आज पहिल्या नंबरचं इंजिन इथेच, सगळ्यांसमोर उघडायचं. आणि ठाऊक आहे ना, पहिले दोघं बोकेरोनला जाणार, आख्ख्या बेटाच्या स्पर्धेला."

ग्लोरिमारने शिट्टी मारली. ओबेद माझ्या शेजारी उकिडवा बसला होता, त्याच्या हातातला पान्हा वाळूत पडला. तो बोटांवर बोअर मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. मग ग्रीस लागलेल्या बोटाने त्याने माझ्या हूडवर गुणाकार मांडला.

"नेना, पोरी, इकडे ये."

"पप्पा, यानिएलचा चेहरा पाहिलात ना?"

"आपलं सातशे अठरा भरतंय."

नाशालीचं हसू विरलं. "पण मी तर सातशे एक सांगितलं!"

"मीही कारखान्याचाच आकडा धरून बसलो होतो. चौथ्या बोअरने मर्यादेच्या तीन सीसी वर गेलंय."

ती हळूच म्हणाली, "डिसेंबरात मीच धुतली नव्हती."

"ते राहू दे. ऐक." ओबेदने आवाज खाली आणला. "दुसरी ये. दुसऱ्याचं इंजिन कोणी उघडणार नाही, आणि बोकेरोनला जायला दुसरा नंबर पुरतो. शेवटची कोलांटी सोडून दे, बस."

"वा रे बाप!" मिग्दालिया म्हणाली. "सायकल शिकवताना म्हणायचास, पडू नको. आता म्हणतोस, हळूच पड."

"अगं, तीन सीसीने काय फरक पडतो? हे म्हातारं इंजिन आहे. त्या पोराचं कोरं इंजिन हिच्यापेक्षा जास्त ओढतं!"

नाशालीने दोघांकडेही पाहिलं नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि मला पाण्यात ढकललं. ती काय करणार आहे, ते मलाही कळत नव्हतं. तिचे पाय त्या दिवशी माझ्याशी काहीच बोलत नव्हते.

दोन मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटात आम्ही गिरक्या घेतल्या, नाक बुडवून पाण्याखाली गेलो आणि उसळून वर आलो. किनाऱ्यावर आरडाओरडा सुरू झाला. मग ती गोल गोल फिरून स्वतःच्याच लाटा उठवू लागली. उलट्या कोलांटीला तेच लागतं, आपणच केलेली लाट पकडायची आणि तिच्यावरून वर जायचं. पहिली लाट आली, तिने सोडली. दुसरीही सोडली. मला वाटलं, संपलं. बापाचं ऐकलं पोरीने.

तिसऱ्या लाटेवर तिने पूर्ण जोर दिला!

मित्रांनो, काय सांगू! आकाश खाली गेलं, समुद्र वर आला. एवढ्या वर्षांत मी इतकी सुरेख उलटले नव्हते. खाली टेकलो तेव्हा तिचे दोन्ही पाय जागच्या जागी होते आणि ती एखाद्या भोंग्यासारखी किंचाळत होती.

पहिला नंबर आला. एवारिस्तोकाका उठायच्या आतच नाशाली ओल्या कपड्यांनी त्यांच्यासमोर उभी राहिली. हातात बापाचा पान्हा.

"उघडा काका. सातशे अठरा भरेल."

लोक पुढे सरकले आणि आमच्याभोवती गोल करून उभे राहिले.

"माहीत होतं, तर उतरलीस कशाला?" काकांनी विचारलं.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही उतरूच दिलं नसतं. मला ती कोलांटी येते का, ते बघायचं होतं. आणि मुद्दाम दुसरी आले असते, तर इंजिन मोठं ते मोठंच राहिलं असतं. वर मी खोटी ठरले असते."

"आधीच सांगायला हवं होतंस."

"हो. चुकलं माझं."

माझं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर कोरलेला आकडा उन्हात लख्ख दिसला. काकांनी तरीही माप घेतलं, दोनदा. ओबेदला राहवेना. "काका, ते जास्तीचे सीसी म्हणजे ताकद नाही हो, वय आहे वय!"

"ओबेद, नियमाला वय दिसत नाही, भोक दिसतं," काका म्हणाले. "वय धरायला लागलो, तर पुढच्या वर्षी प्रत्येक जण आजारी गाडी घेऊन येईल." आणि त्यांनी नाशालीच्या नावावर रेघ मारली.

मग दुसऱ्या नंबरवर आलेला यानिएल पुढे आला. "आता माझंही उघडा. नाहीतर ह्या दोघी वर्षभर माझ्या नावाने बोलत बसतील." त्याचं माप भरलं सातशे एक. ग्लोरिमार आणि देबोरा आपापल्या चपलांकडे बघू लागल्या. तिसऱ्या नंबरवर सांता इसाबेल गावची एक मुलगी होती. तिचं तिसऱ्या बोअरचं इंजिन सातशे तेराचं निघालं. तिला कळलं की बोकेरोनला आता ती जाणार, तेव्हा तिने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. नाशाली तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. दुसरा नंबर चोरला असता तर तो कोणाचा चोरला असता, ते तिला तिथे समोरच दिसत होतं.

आता मी ओबेदच्या अंगणात उभी आहे. आल्या आल्या नाशालीने मला गोड्या पाण्याने धुतलं, बाहेरून, आतून, कानाकोपऱ्यातून. मित्रांनो, एवढंच मागणं आहे माझं. तुमची गाडी असो, सायकल असो, नाहीतर आजोबांचं जुनं घड्याळ. ज्याच्याकडून काम घेता, त्याला काम संपल्यावर पाच मिनिटं द्या. आम्ही तक्रार करत नाही, पण आम्ही झिजतो. आणि आमचं खरं माप काय आहे, तेवढं विचारून घेत जा. उत्तर ऐकायची तयारी ठेवूनच.

पायरीवर बसून मिग्दालिया ताटं वाढत होती. ओबेद घसा खाकरून म्हणाला, "नेना, मी हिला नवे सिलिंडर घालतो. पुन्हा सातशे एक. पुढच्या वर्षी हौशी गटात तूच पहिली."

"नको पप्पा." नाशालीने पाण्याची नळी बंद केली आणि दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. "माझं ठरलंय. पुढच्या वर्षी नाही, ह्याच महिन्यात मी बोकेरोनला जाणार. खुल्या गटात, तिथे कोणीही उतरू शकतं."

"तिथे हजार सीसीवाले दांडगे बाप्ये असतात गं!" मिग्दालियाच्या हातातला डाव वरच राहिला.

"असू देत. मी बहुतेक शेवटची येईन. पण उद्या सकाळी मला रंगाचा डबा हवाय, मम्मी. हिच्या नाकावर हाताएवढ्या आकड्यांत सातशे अठरा लिहून मगच मी पाण्यात उतरणार आहे."