डॉक्टरांना दुसरा नंबर

दातांच्या डॉक्टरांनी प्रादेशिक परिषदेच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. याआधी त्यांनी बासरी शिकायचं ठरवलं होतं, मग मधमाश्या पाळायचं. हेही खूळ आपोआप उतरेल, असं बायकोला वाटलं. पण डॉक्टरांनी खरंच अर्ज भरला आणि दवाखान्याच्या दारावर स्वतःचा हसरा फोटो लावला. फोटोत दात छान आले होते, बाकी चेहरा यथातथाच.

त्या वर्षी मतदानाची पद्धत बदलली होती. एका नावापुढे शिक्का मारून मोकळं होण्याऐवजी प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचा आकडा लिहायचा होता. सगळ्यांत आवडता एक, त्याच्या खालचा दोन, उरलेला तीन. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही, तर ज्याला सगळ्यांत कमी मिळाली तो बाद, आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांच्या गठ्ठ्यात जाणार. उमेदवार तीनच होते: निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, एक प्लंबर, आणि डॉक्टर.

डॉक्टरांनी माहितीपत्रक वाचलं, म्हणजे अर्धं वाचलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्धी वस्ती मोठ्या बाईंच्या हाताखाली शिकलेली, उरलेल्या अर्ध्या वस्तीच्या मोऱ्या प्लंबरच्या भरवशावर. पहिला नंबर मागून आपल्याला देणार कोण? पण दुसरा मागितला तर नाही कोण म्हणेल? दोन्हीकडचे दुसरे नंबर अलगद आपल्या पदरात.

प्रचाराला वेगळं हिंडायची गरजच नव्हती. पेशंट खुर्चीत आडवा झाला, तोंडात आरसा आणि नळी गेली, की डॉक्टर मुद्द्यावर येत. पहिला नंबर खुशाल मनाला येईल त्याला द्या, दुसरा तेवढा मला, असं सांगत. पेशंट "आँ" करी. डॉक्टर तो होकार धरत. तोंड मोकळं झाल्यावरही माणसं आनंदानं हो म्हणत, कारण इतकं कमी मागणारा उमेदवार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बेकरीवाल्यानं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही दुसरे नंबर मिळवून द्यायचा शब्द दिला.

डॉक्टरांकडे राहणाऱ्या सासूबाईंना मात्र हे पटेना. जेवताना डॉक्टरांनी त्यांच्याकडेही दुसरा नंबर मागितला, तेव्हा त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"जावईबापू, आमच्या घराण्यात आजवर कुणी दोन नंबरचं काही केलेलं नाही."

हे दोन नंबर वेगळे, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. सासूबाईंनी भाजी वाढून घेतली. विषय तिथंच संपला.

मतदानाच्या दिवशी डॉक्टर आडोशामागे गेले आणि इतके दिवस जे घोकलं होतं ते हातानं आपणहून केलं. स्वतःच्या नावापुढे त्यांनी ठसठशीत दोन लिहिला. मग लक्षात आलं, की आता एक कुणाला तरी द्यावा लागणार. खाडाखोड केली तर मतच बाद. मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्यांनी एक नंबर प्लंबरला दिला, कारण दवाखान्याचं बेसिन त्यानं एका हाकेसरशी येऊन दुरुस्त केलं होतं. एका मतानं असं काय होणार आहे, म्हणत ते बाहेर आले.

मतमोजणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. पहिल्या फेरीत मोठ्या बाई आणि प्लंबर अगदी बरोबरीत. डॉक्टरांना एक मत. ठीक आहे, आता दुसरे नंबर कधी मोजणार, असं त्यांनी ऐटीत विचारलं. निवडणूक अधिकारी अदबीनं म्हणाले, की तुमचे दुसरे नंबर बघायला आधी दुसरं कुणीतरी बाद व्हावं लागतं, आणि बाद तुम्ही झाला आहात. पत्रकाचा उरलेला अर्धा भाग डॉक्टरांना तेव्हा समजला.

त्यांची ती एकुलती एक मतपत्रिका उलगडली गेली. तिच्यावर दुसरा नंबर मोठ्या बाईंना होता. बाई एका मतानं निवडून आल्या. प्लंबरनं डॉक्टरांकडे असं काही पाहिलं, की आपलं स्वतःचं मत त्यालाच गेलंय हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

घरी येईपर्यंत डॉक्टरांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सगळ्यांनी दुसरं मानलं, पण एका माणसानं पहिलं मानलं. त्यांनी बायकोचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. ती गोंधळली.

"अहो, मी तर दोनच लिहिला. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

वर्तमानपत्राआडून सासूबाई म्हणाल्या, "तो एक माझा. घरच्या माणसाला दोन नंबरचा म्हणायला हात धजेना."

डॉक्टर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात जो येई तो छाती पुढे काढून सांगे, की मी माझा शब्द पाळला. डॉक्टर प्रत्येकाचे आभार मानत होते. बेकरीवाल्याला त्यांचं फारच वाईट वाटलं. दुसऱ्यानं काम झालं नाही, तर पुढच्या खेपेला तिसरा नंबर मागून बघा, असं त्यानं सुचवलं.

डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं.