भिंतीवर टांगलेला सँडविच टोस्टर

सँडविच भाजायचा मी एक जुना टोस्टर आहे. दोन झाकणांचा, लांब दांड्यांचा, विस्तवावर धरायचा. मित्रांनो, तंजावरला येऊन तुम्ही कधी 'राजेशाही सँडविच' खाल्ले असेल, तर त्या दुकानाच्या भिंतीवर काचेच्या पेटीत मला पाहिलेही असेल. माझ्याखाली एक पाटी आहे. ती खोटी आहे. खरे काय घडले, ते ऐका.

कुंभकोणमच्या एका कारखान्यात मला ओतले. तंजावरच्या बाजारातून मला आणले ते चंद्रमतीबाईंनी. नवरा गेल्यावर त्या बस स्टँडजवळ दुपारी चिंचभात आणि दहीभात विकत. एकदा भात लवकर संपला. विजयलक्ष्मी नावाच्या शिक्षिका उपाशीच परत निघाल्या. बाईंना ते बघवेना. जवळ पाव होता आणि घरून स्वतःसाठी आणलेले डांगर होते, म्हणजे घट्ट दह्यात कालवलेले भाजल्या उडदाचे पीठ. त्यांनी ते पावाला लावले, वर काकडीच्या चकत्या ठेवल्या आणि लोणी लावून तव्यावर भाजले.

"अक्का, उद्याही हेच द्या!" शिक्षिका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या पिशवीत मी होतो.

मग काय सांगू! कचेरीतली माणसे डबा आणायची विसरू लागली. पापनाशमहून कामाला येणारे गाडी पकडण्याआधी माझ्यापुढे उभे राहत. दुपारभर मला उसंत नसे. हात भाजला तरी बाई मला कधी आपटत नसत. संध्याकाळी चिंचेने घासून पदराने पुसत.

प्रणवेश हा बाईंचा भाचा. हॉटेलातली नोकरी सुटली, तेव्हा बाईंनीच त्याला हाताशी घेतले. पीठ किती भाजायचे, दही किती बांधून ठेवायचे, सगळे शिकवले. पुढे बाईंची कंबर धरली. तो म्हणाला, "अत्या, आता तू बस. मी मोठं दुकान काढतो. पाटीवर तुझंच नाव लावीन."

बाईंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या हाती दिले. किती विश्वासाने दिले!

दुकान सुरू झाले. पाटीवर लिहिले होते, 'आमच्या पूर्वजांनी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तीनशे वर्षांपूर्वी केलेले सँडविच.' आणि पुरावा कोण? मी! लोक माझे फोटो काढू लागले. चूल मात्र मला पुन्हा दिसली नाही.

एका दुपारी बाई आल्या. पाटी त्यांनी दोनदा वाचली.

"प्रणवेश, माझं नाव कोठे आहे रे?"

"लोकांना राजाची गोष्ट आवडते, अत्या. तू बस, खाऊन जा."

इतक्यात एका गिऱ्हाइकाने विचारले, "या कोण?"

"जुन्या ओळखीच्या आहेत," प्रणवेश हसून म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. "ओळखीची? बरं. मजला माझा टोस्टर दे. मी जाते."

"तो कसा देऊ? त्याला बघायलाच तर लोक येतात."

बाईंनी काचेवर हात ठेवला. मला ओरडून सांगायचे होते, पण लोखंडाच्या खिळ्याला टांगलेल्याला कोण विचारतो? त्या उन्हात निघून गेल्या. समोर ठेवलेल्या बशीला त्यांनी हातही लावला नाही. ती बशी प्रणवेशने उचलून दुसऱ्या टेबलावर नेली.

मित्रांनो, मला आता रोज मऊ फडक्याने पुसतात. माझ्यावर धूळ बसत नाही. पण वस्तू जपायची आणि तिच्या माणसाला दाराबाहेर काढायचे, ही कसली काळजी? तुम्ही इथे आलात तर खुशाल खा, चव बाईंच्या हातचीच आहे. फक्त निघताना मोठ्याने विचारा, "हे पहिल्यांदा कोणी केलं?" प्रणवेश राजाचे नाव सांगेल. तुम्ही चंद्रमतीबाईंचे सांगा. मला ते एकदा या भिंतीवरून ऐकायचे आहे.