पायाकडची गाठ

वेनिंग भुताच्या सिनेमांचे ट्रेलर जोडायची आणि चाचणीच्या खेळाला पडद्याकडे चुकूनही बघायची नाही. पहिल्या रांगेच्या पुढे, कडेला एक प्लास्टिकची खुर्ची टाकून ती पडद्याकडे पाठ करून बसायची आणि लोकांचे पाय बघायची. चेहऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. माणूस न घाबरताही किंचाळतो, विशेषतः शेजारी मैत्रीण बसलेली असली तर. पायांना तेवढं सुचत नाही. भीती खरी असली की आधी चपलांमधली बोटं आवळतात, मग टाच उचलते, आणि मग चपला खालीच सोडून दोन्ही पाय खुर्चीवर येतात. जकार्तातल्या प्रेक्षकाचे पाय वर आले की वेनिंगचं काम झालं.

तिच्या मते भीती ही मोजून द्यायची गोष्ट होती. दार करकरतं तेव्हा कोणी घाबरत नाही, फक्त श्वास धरतं. दार उघडतं, आत काही नसतं, श्वास सुटतो. जे दाखवायचं ते त्या सुटलेल्या श्वासाच्या टोकाला दाखवायचं, कारण रिकाम्या छातीच्या माणसाकडे किंचाळायला काही शिल्लक नसतं. बाकी सगळा किरकोळ माल. भुताचा श्वास म्हणजे हळूहळू पिळलेला ओला टॉवेल. पोटात खड्डा पाडणारी घरघर कँटीनमधल्या जुन्या फ्रिजची होती; स्टुडिओतले लोक त्या फ्रिजला सहकलाकार म्हणत आणि जाता-येता त्याची विचारपूस करत.

आणि एक नियम तिने कधी मोडला नव्हता. ट्रेलरने गाठ मारायची, सोडायची नाही. सोडवून घ्यायला लोक तिकीट काढून येतात.

या वेळचा सिनेमा पोचोंगचा होता. मढं कफनात गुंडाळून दोऱ्यांनी बांधतात आणि कबरीत उतरवल्यावर त्या गाठी सोडतात. सोडायच्या राहिल्या तर मढं कफनासकट उड्या मारत परत येतं आणि गाठ सोडा म्हणून दारात उभं राहतं. हे जावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिनेमावाल्यांना त्यापुढचंही ठाऊक असतं, आणि हल्ली प्रेक्षकांनाही: नटाला पोचोंग करताना एक गाठ सुटी ठेवायची. म्हणजे मरण चुकून तिथून गेलंच, तर त्याला कळतं की हे नाटक आहे.

ट्रेलरच्या शेवटी भाड्याच्या खोल्यांचा एक लांबलचक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला पोचोंग उभा होता. तो हलत नव्हता. वेनिंगने तो शॉट हवा त्यापेक्षा थोडा जास्त ठेवला होता. चाचणीच्या खेळाला तो आला तेव्हा ती नेहमीप्रमाणे पाय बघत होती. एकही पाय हलला नाही. बोटंसुद्धा आवळली नाहीत. शॉट फुकट गेला, असं तिने मनात ठरवून टाकलं. मग मागच्या अंधारात कोणीतरी पुटपुटत प्रार्थना सुरू केली, आणि तिसऱ्या रांगेतला एक आडदांड माणूस मक्याच्या लाह्या तशाच ठेवून बाहेर निघून गेला.

दिवे लागल्यावर कॉलेजातली एक मुलगी तिच्याकडे आली आणि ताई म्हणावं तसं तिला म्बाक म्हणाली.

"म्बाक, त्याची पायाकडचीही गाठ बांधलेली होती. मुद्दाम केलंत का?"

"बघून सांगते," वेनिंग म्हणाली.

संकलनाच्या खोलीत तिने शॉट मोठा करून पाहिला. डोक्यावर, मानेला, कमरेला, गुडघ्यांना गाठी होत्याच. पायाशीही होती, आणि तीही नीटनेटकी, दुहेरी, वरचे दोन फास सारख्या मापाचे.

तिने वेशभूषेच्या वोनीला बोलावलं. वोनी मनाडोची, चर्चला जाणाऱ्या घरातली, आणि या स्टुडिओत नवीन. चूक काय ते कळल्यावर तिचा चेहरा रडवेला झाला नाही; तिला फक्त नवल वाटलं.

"अहो, ती सुटलेली दिसली म्हणून बांधली. उलट मला वाटलं, कोणाचं लक्ष कसं नाही!"

"एक सुटी ठेवतात."

"मला कोण सांगणार? आमच्याकडे पेटीत ठेवतात. पेटीला गाठ नसते."

"मग शॉट झाल्यावर सोडलीस ना?"

"कुठली? जेवणाची सुट्टी झाली. पोचोंग झालेल्या पाक गियोनोंनी वरच्या गाठी सोडवून घेतल्या आणि वरूनच सटकले, पोत्यातून मांजर निघावं तसे. कफन मी तसंच घडी घालून पेटाऱ्यात टाकलं."

म्हणजे गाठ अजून बांधलेलीच होती. वेनिंगने ही माहिती स्वतःपाशी ठेवायचं ठरवलं; पण तोवर निर्माते कोह हेंड्रिक, म्हणजे हेंड्रिकदादा, यांनी तो शॉट आनंदाच्या भरात सगळ्या कलाकार-कामगारांच्या फोनवर पाठवला होता, खाली लिहून: 'सगळ्या गाठी बांधलेल्या! लोक पळाले!'

दुसऱ्या दिवशी सकाळी बू सारमींचा फोन आला. त्या पाक गियोनोंच्या बायको; तिकडे वडीलधाऱ्या बाईला बू म्हणतात आणि पुरुषाला पाक.

"म्बाक, तुमच्या सिनेमाने आमचा माणूस नेला."

वेनिंग उभीच राहिली. "काय झालं बू?"

"काही नाही झालं. पडून आहेत. म्हणतात, मी मेलोय."

बेकासी उपनगरातल्या त्यांच्या गल्लीत वेनिंग दुपारी पोचली. पाक गियोनो पलंगावर उताणे होते आणि त्यांचे पाय दोन उशांवर उंच ठेवलेले होते. वीस-एक वर्षं ते पोचोंगच करत आले होते. किडकिडीत देह, लांब मान, आणि तासन्‌तास न हलण्याची सवय. शहरातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्यामुळे कधी ना कधी उशी तोंडावर घेतली होती, पण रस्त्यात त्यांना कोणी ओळखत नसे.

"जेवतात का?" वेनिंगने हळूच विचारलं.

"दोनदा वाढून घेतात," बू सारमी म्हणाल्या. "म्हणतात, माझ्या नावाने लोकांना जेवू घालणारच आहेस ना, मग मीच खातो. रविवारी गल्लीच्या प्रमुखाची निवडणूक आहे, तर म्हणतात, मेलेल्याला मत देता येत नाही. मी म्हटलं, गेल्या खेपेला कितीतरी मेलेल्यांनी दिलं होतं."

"आणि पाय असे का?"

"भुताचे पाय जमिनीला टेकत नाहीत, नाही का. ते खाली ठेवूनच बघत नाहीत. मोरीकडे जायचं तर मुलाची संगणकापुढची चाकाची खुर्ची घेतात, पाय वर धरतात आणि भिंतीला रेटा देत जातात. मी म्हटलं, एकदा टेकवून बघा, आत्ता निकाल लागेल. तर म्हणतात, नाही टेकले तर?"

पलंगावरून शांत आवाज आला. "बरोबर आहे की नाही म्बाक? नाही टेकले तर?"

वेनिंगला या प्रश्नातली चूक सापडेना. दार उघडायच्या आधी माणूस श्वास धरतो. हा माणूस कालपासून श्वास धरून दाराशी उभा होता. असला ताण कसा तयार करायचा एवढंच तिला येत होतं. उतरवायचं काम तिच्याकडे कधी आलंच नव्हतं.

"पाक, गाठ आपण सोडू," ती म्हणाली. "कफन पेटाऱ्यात आहे, उद्या घेऊन येते."

"घरी सोडून काय उपयोग?" पाक गियोनो म्हणाले. "तो शॉट किती फोनांवर गेला? जो कोणी बोट लावील, तो मला पुन्हा बांधणार. ट्रेलरात बांधलंय, ट्रेलरातच सुटायला पाहिजे."

परत येताना वेनिंगने यावर सगळ्या बाजूंनी विचार केला. शॉट काढून टाकता आला असता, पण तो फोनांवरून परत येणार नव्हता. आणि ट्रेलरमध्ये गाठ सोडायची, तर प्रेक्षक सुटणार, घरी जाणार आणि शांत झोपणार.

कोह हेंड्रिकनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"म्बाक वेनिंग, तूच मला शिकवलंस ना, की सोडायची नाही? लोकांच्या हातात बांधलेलं भूत द्यायचं, तर तू त्यांना मोकळा म्हातारा देणार?"

"पाक गियोनो पाय खाली ठेवत नाहीयेत, कोह."

"डॉक्टरकडे न्या."

"डॉक्टर काय सांगणार? ते जिवंत आहेत हे त्यांच्या बायकोनेही सांगून पाहिलं."

कोह हेंड्रिक यांच्या टेबलावर धन आणणारं लाल मांजराचं खेळणं हात हलवत होतं. कार्यालयाचा दरवाजा कुठल्या दिशेला असावा यासाठी त्यांनी तो दोनदा फोडून बसवला होता, त्यामुळे दुसऱ्याच्या समजुतींना हसणं त्यांना जड गेलं.

"एकदा जोडून दाखव," ते म्हणाले. "पाय वर आले नाहीत, तर जुनाच शेवट जाईल. मग त्यांची समजूत तू काढायचीस."

दुसऱ्या दिवशी चित्रीकरण पाक गियोनोंच्या खोलीतच झालं. वोनीने पेटाऱ्यातून कफन काढलं. पायाकडची गाठ जशीच्या तशी होती. पाक गियोनो जसे बाहेर आले होते तसेच वरून आत शिरले आणि पलंगावर आडवे झाले. खिडकीवर चादर लावली. गाठ कोणी सोडायची यावर थोडी चर्चा झाली. कबरीत जवळचं माणूस उतरतं, म्हणून बू सारमी पुढे आल्या. त्या सोयाबीनचे तेंपे तळता तळता उठून आल्या होत्या. कॅमेऱ्यात फक्त त्यांची पाठ, केसांचा पांढरा अंबाडा आणि हात येणार होते.

गाठ सुटेना. त्यांनी नखं लावली, अंगठा घातला, एक दोरी ओढली तर दुसरी आवळली.

"पोरी," त्या मागे न बघता म्हणाल्या, "ही गाठ मारलीस का सूड घेतलास?"

"आमच्याकडे नावा बांधतात अशा," वोनी म्हणाली.

"नाव बुडत असेल, गाठ सुटत नसेल."

शेवटी बू सारमी खाली वाकल्या, चेहरा नवऱ्याच्या पावलांशी नेला आणि गाठीला दात लावले. बाहेर एक दुचाकी गेली. पांढरा अंबाडा बारीक हिसके देत राहिला, आणि मग दोरी सैल पडली. त्यांनी ती अलगद ओढून बाजूला ठेवली. कफनाच्या टोकातून दोन पावलं उघडी झाली. बांधून ठेवल्यामुळे ती बधिर झाली असावीत. थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग उजवा अंगठा हलला.

"झालं?" आतून पाक गियोनोंनी विचारलं.

"झालं," वेनिंग म्हणाली. "पाय ठेवा खाली."

"आधी ते दाखवा लोकांना. मग ठेवतो."

तिने शेवट जोडला तेव्हा त्यात कापायला काही नव्हतं. बू सारमींचा आणि वोनीचा संवाद काढला, दुचाकी काढली, टॉवेल काढला. फ्रिजची घरघर बोळातल्या पोचोंगपासून सुरू ठेवली आणि दोरी सैल पडते तिथे बंद केली. पुढे काहीच लावलं नाही. नियम मोडलेला असल्यामुळे तिला त्याचं मूल्यमापन करता येईना.

दुसऱ्या चाचणीला तेच सभागृह होतं. पाक गियोनो चाकाच्या खुर्चीवरून आले, पाय वर धरून, मागून बायको ढकलत होती. लोकांनी पाय मोडलेला म्हातारा समजून वाट करून दिली. ते पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी पाय समोर लांब करून वेनिंगच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर टेकवले. कोह हेंड्रिक दाराशी उभे होते.

बोळ आला. मागच्या वेळेसारखाच एकही पाय हलला नाही. मग वेनिंगच्या पाठीमागे पडद्यावर म्हातारी वाकली असावी, कारण चपलांमधली बोटं आवळली. दात लागले, टाचा उचलल्या. फ्रिज थांबला. सभागृहभर श्वास सुटल्याचा आवाज आला आणि सगळ्या टाचा एकदम खाली आल्या. गाठ सुटली होती, लोक सुटले होते. संपलं, असं वेनिंगला वाटलं.

मग पडद्यावर अंगठा हलला.

रिकाम्या छातीच्या लोकांनी आवाज केलाच नाही. फक्त रांगेमागून रांग पाय वर गेले. जमिनीवर चपला उरल्या, काही उलट्या, काही सुलट्या. दाराशी कोह हेंड्रिक एका पायावर उभे होते आणि दुसरा कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

वेनिंगच्या खुर्चीच्या कडेवर पाय नव्हते. तिने खाली पाहिलं. पाक गियोनोंची दोन्ही पावलं सभागृहाच्या थंड फरशीवर टेकलेली होती, टाचेपासून बोटांपर्यंत, आणि ते अंगठा हलवून खात्री करून घेत होते. त्यांनी रांगांवरून नजर फिरवली.

"म्बाक," ते हलक्या आवाजात म्हणाले, "इथे माझ्याशिवाय कोणाचेच टेकलेले नाहीत."

"सारमींचे?"

"तिचेही वर. स्वतःलाच बघून घाबरली."

वेनिंगने त्या बाजूला पाहिलं. ते खरं होतं. मग तिच्या लक्षात आलं की प्लास्टिकच्या खुर्चीवर ती स्वतः मांडी घालून बसली आहे आणि तिच्या चपला खाली आहेत. ती इतका वेळ पडद्याकडे पाठ करून होती. तिने आधी एक पाय खाली ठेवला, थोडं थांबली, आणि मग दुसरा.