डावं पारडं

मी तराजू बोलतोय. ऐकताय ना, की तुमचंही लक्ष माझ्या काट्याकडेच आहे? असू द्या. माझ्याकडे सरळ नजरेनं कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि मीही कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

पितळेची दोन पारडी, लोखंडी दांडी आणि मधोमध काटा, असा मी घडलो. मालक न्यायला आले तेव्हा कारागीर हळूच म्हणाला, "दांडीची डावी बाजू तांदळाच्या दाण्याएवढी लांब झालीय. पारडं घासून काटा जुळवलाय खरा, पण थांबा दोन दिवस, दुसरी दांडी करून देतो."

मालकांनी मला उचलून पाहिलं. "राहू द्या," म्हणाले, "असाच द्या."

मालकांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की ते रिकाम्या पारड्याला टिचकी मारायचे. पारडी डुलायची, मग काटा मधे येऊन थांबायचा. "बघून घ्या," मालक म्हणायचे. मला ती टिचकी फार आवडायची. तरी गिऱ्हाइकं डोळे बारीक करून बघायचीच, आणि मला त्यांचा राग यायचा. इतका सज्जन माणूस, आणि ह्यांना शंका! मालकांचा नियम एकच: माल डावीकडे, वजनं उजवीकडे. नात दुकानात खेळताना चुकून उलटं करायची, तेव्हा तिला हातावर फटका बसायचा.

पुढे दुकानात विजेवरचा वजनकाटा आला आणि मी माळ्यावर गेलो. वर पालींवर संशय घेत दिवस काढले. मग एके दिवशी नातीनं मला पुसून शाळेत नेलं. इतिहासाच्या बाईंना जुना तराजू हवा होता.

बाईंनी वर्गाचाच व्यापारी मार्ग केला होता. खिडकीजवळची मुलं मसाल्याच्या बेटावरचे शेतकरी, बाकांमधली वाट म्हणजे समुद्र, फळ्याजवळ बंदर. "जुन्या काळी मसाल्याचं गाठोडं दहा हातांतून जायचं," बाई म्हणाल्या, "आणि प्रत्येक हात आधीच्या हातावर संशय घ्यायचा. तुम्हीही घ्या. हात बदलला की वजन करा." मनात म्हटलं, बाईंना माणसं कळतात.

नात बेटावर होती. तिनं लवंगांची पुरचुंडी माझ्यात मोजली. बरोबर पाव किलो. कप्तान झालेल्या मुलानं ती उचलली, मधली सुट्टी झाली, आणि गलबत बंदराला लागलं. बंदरवाल्यांनी वजन केलं. पंधरा ग्रॅम कमी.

"कप्तानानं खाल्लं," कुणीतरी म्हणालं. दुसरी एक मुलगी त्याच्याजवळ गेली. "ह्याच्या तोंडाला लवंगेचा वास येतोय, बाई."

कप्तान लालबुंद झाला. "एकच घेतली. दाढ दुखत होती."

"एका लवंगेचं वजन पंधरा ग्रॅम असतं का रे?" एका बंदरवाल्यानं विचारलं.

खरं सांगतो, मलाही तोच चोर वाटला. सुट्टीत मालाजवळ एकटाच होता, वर तोंडाला वास. बाईंनी त्याला दप्तर उघडायला सांगितलं. खेळ केव्हाच संपला होता. "ह्याला पुन्हा कशात घेऊ नका," मागून आवाज आला, आणि तो खाली मान घालून वह्या बाहेर काढू लागला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण ते तेव्हा कुणाला कळणार?

नात मात्र माझ्याकडे बघत होती. "तुम्ही माल उजवीकडे ठेवलाय," ती बंदरवाल्यांना म्हणाली. "आमच्याकडे डावीकडे ठेवतात."

"मग? वजन थोडंच बदलतं?"

तिनं पुरचुंडी डाव्या पारड्यात ठेवली, वजनं उजवीकडे. पाव किलो. पुन्हा उलटं केलं. पंधरा ग्रॅम कमी. तिला गप्प राहता आलं असतं, मला मुकाट्यानं पिशवीत टाकता आलं असतं. पण ती म्हणाली, "त्यानं चोरी नाही केली, बाई. आमचा तराजू खोटा आहे."

मलाही तेव्हाच उमगलं. जगावर संशय घेतला, फक्त एकाच माणसावर, मालकांवर, घेतला नाही. कारागिराचे शब्द तर मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. लांब बाजूला कमी मालही पुरा भरतो; मालकांचं प्रत्येक गिऱ्हाईक थोडं कमीच घेऊन गेलं होतं.

संध्याकाळी तिनं मला आजोबांसमोर ठेवलं. त्यांनी सवयीनं टिचकी मारली. "बघ, अजून कसा सरळ आहे."

तिनं वाटीभर तांदूळ मोजले, मग पारडी बदलून मोजले. आजोबांनी तांदूळ परत वाटीत ओतले.

"शाळेत सांगितलंस?"

"सांगावं लागलं. एका मुलाला सगळे चोर म्हणत होते."

"बरं केलंस," ते म्हणाले. नातीकडे मात्र त्यांना बघवेना. "मला नको आता हा. बाईंनाच देऊन टाक."

आता मी बाईंच्या कपाटात असतो. दरवर्षी गलबत निघतं, माल उतरतो, कुणावर तरी आळ येतो आणि मग बाई पारडी बदलायला सांगतात. दप्तर त्या कुणाचंच उघडत नाहीत. मुलं मला हसतात, त्याचं वाईट वाटत नाही. टिचकी आठवली की मात्र वाटतं.

एवढंच मागतो. रिकामी पारडी दाखवून कुणी "बघून घ्या" म्हणालं, तर त्याच्या बोटाकडे बघत बसू नका. माल उचला आणि दुसऱ्या पारड्यात ठेवा. माणूस कितीही आवडता असला तरी.