आधी ठोका, मग पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण म्हाताऱ्यांच्या हातात असते तसली आधाराची काठी समजू नका. मी समुद्रावर चालणाऱ्यांच्या पुढे चालते. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने समुद्र गोठलेला असतो आणि माणसं त्यावरून कुत्र्यांच्या बर्फगाड्या हाकतात. बर्फ भरवशाचा आहे की नाही, हे पाऊल टाकण्याआधी मला आपटून पाहायचं, एवढंच माझं काम.

माझं लाकूड कुठल्या देशातलं, मला ठाऊक नाही. इथे ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला झाड औषधालाही सापडत नाही. मी वाहत वाहत किनाऱ्याला लागले आणि इमीना नावाचे एक शिकारी होते, त्यांनी मला उचललं. त्यांनी मला सुरीने तासलं, सीलची चरबी चोळली, मोडकी कानस तापवून, ठोकून तिचं टोक केलं आणि ते वॉलरसच्या वादीने माझ्या पायाशी आवळून बांधलं. त्या दिवसापासून ते माझे मालक झाले.

चांगल्या बर्फावर मी पडले की खणखणीत आवाज येतो. कच्च्या बर्फावर ओल्या कणकेवर हात मारावा तसा येतो. मालकांना तो फरक झोपेतही कळला असता. पुढेपुढे तर ते मला आपटायचे देखील नाहीत, नुसती नजर टाकून सांगायचे. गावातले शिकारी त्यांना विचारल्याशिवाय गाडी काढत नसत, आणि मालक उत्तर द्यायला अडलेत असं कधी झालं नाही. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. आता वाटतो की नाही, ते तुम्हीच पुढे ठरवा.

एका वसंतात मालक आणि त्यांची बायको बोलेत्ते हिमनदीच्या तोंडाशी गेले होते. तिथे बर्फाची ती प्रचंड नदी समुद्रात उतरते. लांबवर सील ऊन खात पडले होते. मालकांनी मला बर्फात रोवलं आणि कुत्र्यांचे पट्टे माझ्याभोवती गुंडाळले. बोलेत्तेने विचारलं, काठी नेत नाही? ते हसून म्हणाले, "हा बर्फ माझ्या ओळखीचा आहे."

आणि ते चालू लागले. पांढऱ्यावर एक काळा ठिपका पुढे पुढे जात होता. मग नुसतं पांढरं उरलं. आवाज काहीच झाला नाही. बोलेत्ते त्यांना हाका मारत राहिली, कुत्री उभी राहून ऐकत होती. शेवटी तिने मला उपटलं आणि एकटीने गाडी हाकत घरी आली. मालक कुणालाही सापडले नाहीत.

त्यानंतर घरात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्याकडे तशीच रीत आहे. गेलेल्याचं नाव एखाद्या बाळाला मिळेपर्यंत ते उच्चारायचं नसतं; मिळालं की तो माणूसच परत आला असं धरतात. मला मांस वाळवायच्या मचाणावर टाकून दिलं. माझ्यावर कावळे बसायचे. मुलगा गाबा मोठा झाला, त्याने फोन घेतला. त्या फोनवर बर्फाचे नकाशे यायला लागले आणि माझ्याकडे वळूनही पाहायची कुणाला गरज उरली नाही. रात्रंदिवस अंधार असायचा त्या महिन्यांत समुद्राकडून बर्फाचे हुंकार यायचे. दरवेळी मला वाटायचं, कुणीतरी खालून ठोकतंय.

मग गाबाला मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं इमीना. बोलेत्ते बाळंतिणीच्या खाटेशी गेली, बाळाकडे वाकून म्हणाली, "आलात? फार वाट पाहायला लावलीत."

ती त्या पोरीला कायम 'अहो' म्हणायची. पोर आजीला 'अगं' म्हणायची. खुद्द गाबा आपल्या लेकीला 'बाबा' म्हणायचा आणि ती त्याच्यावर बापाच्या थाटात हुकूम सोडायची. तिचा दुधाचा दात पडला तेव्हा शेजारीण म्हणाली, "गेल्या खेपेला सोन्याचा बसवला होतात, आता काय करणार?" सगळे हसले, पोरही हसली. शिकारीला कुठल्या बाजूला जावं, हेही तिला विचारत. ती बोट दाखवी. सील मिळाले तर माना डोलत, नाही मिळाले तर कुणी आठवण काढत नसे.

इमीना आठ वर्षांची झाली त्या वसंतात बोलेत्तेने हट्ट धरला. तिचे गुडघे गेले होते, पण डोळे मिटायच्या आत एकदा हिमनदीपाशी जायचं होतं, आणि 'यांना' घेऊनच जायचं होतं. गाबाने आढेवेढे घेतले, मग कुत्री जोडली. निघताना म्हातारीने मला मचाणावरून काढलं, बाहीने पुसलं आणि नातीच्या हातात दिलं.

मित्रांनो, मालकांच्या अंगठ्याने माझ्या अंगावर एक खोबण झिजवली होती. पोरीचा अंगठा बरोबर तिथे बसला. तिथे कुणाचाही बसतो, एवढं मला कळतं. तरीही मी शहारले.

वाट मोठी आनंदाची होती. भेगांमधून लांब सुळ्याचे नरव्हाल देवमासे फुसकारे सोडत होते. छोट्या समुद्रपक्ष्यांचे थवे डोक्यावरून उत्तरेकडे चालले होते. एके ठिकाणी अस्वलिणीची आणि तिच्या पिल्लाची पावलं उमटलेली होती. गाबाने बंदूक जवळ ओढली आणि इमीना उगीचच कुजबुजत बोलायला लागली. म्हातारी गाडीवर शाल गुंडाळून बसली होती आणि नातीला जुन्या गोष्टींची आठवण करून देत होती. "तुम्ही इथेच घसरून पडला होता, आठवतं का?" पोर हो म्हणायची. तिला हो म्हणायची सवयच झाली होती.

हिमनदीशी पोचलो तर ती ओळखू येईना. पूर्वी जिथे तिची उभी भिंत होती तिथे आता मोकळी खाडी होती, वर नुकताच गोठलेला बर्फ आणि त्यावर ताजं भुसभुशीत हिम. तेवढ्यात समुद्राकडून वारा सुटला. आमच्या मागचा बर्फ कुरकुरायला लागला. शिकाऱ्यांची झोपडी खाडीपलीकडे दिसत होती. सरळ गेलो तर लगेच पोचणार होतो. कड्याखालून वळसा घालायचा तर कुत्री थकलेली, आणि वाऱ्याने तोवर मागचा बर्फ फोडला असता तर परतीची वाटही गेली असती. डोंगराआड फोन मुका झाला होता.

गाबाचा कल वळशाकडे होता. बोलेत्ते म्हणाली, "तू नको सांगूस. यांना विचार. हा बर्फ यांच्या ओळखीचा आहे."

गाबाने लेकीकडे पाहिलं. तो मोठा बाप्या, पण वडिलांपुढे उभा असल्यासारखा दिसत होता. इमीना मला घेऊन थोडं पुढे आली आणि तिने मला आपटलं. वरच्या हिमात माझा आवाज दबून गेला. मी जिवाच्या आकांताने सांगत होते, पण काठीच्या सांगण्याला किती जोर असणार? पोरीने आजीकडे पाहिलं. म्हातारीचा चेहरा उजळला होता. पोर आता 'चला' म्हणणार, या धसक्याने मी गारठले.

"मला माहीत नाही," इमीना म्हणाली.

"अहो, नीट ऐका."

"ऐकलं. मला नाही कळत गं बर्फातलं. मी सांगते ते सगळं खोटंच असतं."

गाबाने तिच्या हातातून मला घेतलं आणि सारा जोर लावून हाणलं. मला बर्फ लागलाच नाही. त्याच्या मुठीपर्यंत मी थेट पाण्यात गेले. तेवढ्या क्षणात मी खाली पाहिलं. मालक दिसतील असं मला वाटलं होतं. खाली नुसता काळोख होता. गाबाने मला उपसलं तेव्हा भोकातून काळं पाणी वर आलं आणि भोवतालचं हिम करडं पडत गेलं. तो लेकीला कवेत घेऊन पावलं मोजूनमापून मागे सरकला.

बोलेत्ते गाडीवरून उतरली. मोडक्या गुडघ्यांवर ती पोरीपुढे बसली, हातमोजा काढला आणि तिच्या गालावर हात ठेवला.

"त्या दिवशी एवढं म्हणाला असतात तर," ती म्हणाली. "एवढंच."

पोरीला कुठला दिवस, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती आजीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता म्हटलं ना."

म्हातारी रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आम्ही कड्याखालून गेलो, उशिरा पोचलो, पण सगळे पोचलो.

आता मी दाराशी असते. इमीना घराबाहेर पडली की गावातल्या भक्कम बर्फावरही मला आपटत चालते, लोक तिची टिंगल करतात. करू देत. मित्रांनो, तुमच्याकडे समुद्र गोठत नसेल. तरी एखादं लहान पोर 'मला माहीत नाही' म्हणालं, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. त्याने किती धीर केला असेल, याचा विचार करा. आणि दाराशी माझ्यासारखी कुणी उभी असेल तर तिला अधूनमधून तेल लावा, निघताना सोबत घ्या. मी जड नाही.