बाहेरून कुलूप

"कुमारे, कुलूप बाहेरून लावायचं," शेजारचा देन्सियो मला कुंपणावरून शिकवत होता, "आणि स्वयंपाकघराच्या दाराने गुपचूप आत यायचं. पडदे ओढायचे, रेडिओ बंद. दुपारपर्यंत पोरं कंटाळून निघून जातात. मी दर नाताळला असाच लपतो. अजून एकदाही सापडलो नाही."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण लाज फुकटात भागते, बुटांना पैसे पडतात."

देन्सियो अर्ध्या गल्लीचा धर्मपिता, आणि आमच्याकडे नाताळला धर्मलेकरांना भेट द्यावीच लागते. उरलेल्या अर्ध्या गल्लीची धर्ममाता, म्हणजे निनांग, मी, चोलेंग; म्हणून तो मला कुमारे म्हणतो. माझं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही, पण चर्चच्या पायऱ्यांसमोर माझं खेळण्यांचं दुकान होतं. खेळण्यांचं दुकान असलेली धर्ममाता कुणाला नको असेल? बाळ झालं की आईबाप आधी माझ्याकडे यायचे, मग पाद्रीबाबांकडे. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी मी दर वेळी हो म्हणायची. कारण नाताळच्या सकाळी चर्चमधली मिसा संपली की ती सगळी पोरं माझ्या दारात यायची. "मानो पो, निनांग," म्हणून माझा उजवा हात घ्यायची आणि आपल्या कपाळाला लावायची. कुणाचं कपाळ गार, कुणाचं घामेजलेलं. एरवी वर्षभर माझ्या हाताला कोण शिवतं? बाहुल्या देऊन मी तेवढा स्पर्श विकत घेत होते असं कुणी म्हटलं, तर मी भांडायला जाणार नाही.

मग हमरस्त्यावर मॉल उघडला. तिथे सप्टेंबरातच नाताळची गाणी सुरू होतात आणि लोकांना घाई सुटते. मागच्या वर्षी एक आई मी दिलेली बाहुली घेऊन दुकानात परत आली.

"निनांग, याचं बिल आहे का हो? मॉलमधून बदलून घेतली असती."

"बाई, ती मॉलची नाही. याच दुकानातली आहे."

"अस्सं होय," म्हणाली आणि बाहुली तिथेच ठेवून गेली.

या ऑगस्टात दुकान बंद केलं. माल जाईल त्या भावात काढून टाकला, त्यातून देणी फिटली, एवढंच. डिसेंबर लागला तसे फोनवर धर्मलेकरांकडून हव्या त्या वस्तूंचे फोटो यायला लागले. रोडेलला आता मिशी फुटलीय, त्याने बुटांचा फोटो पाठवला, खाली पायाचं मापसुद्धा. एकीने फोटोचीही तसदी घेतली नाही. पैसे पाठवायचा नंबर तेवढा दिला आणि पुढे एक हसरा चेहरा. "मी येते" असं कुणीच लिहिलं नव्हतं.

द्यायला या वर्षी माझ्याकडे काही नव्हतं. पोरं माझा एक हात कपाळाला लावणार आणि लगेच दुसऱ्या हाताकडे बघणार. ते बघणं मला सोसलं नसतं. त्यापेक्षा देन्सियोचा मार्ग बरा, असं ठरवलं. नाताळच्या सकाळी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, घराला वळसा घालून मागून आत आले आणि पडद्याआड खुर्ची टाकून बसले. स्वतःच्याच घरात चोरासारखी.

मिसा सुटल्याचं घंटेवरून कळलं. थोड्या वेळाने फाटक वाजलं.

"कुलूप आहे रे!"

"म्हातारीपण पळाली?"

"चला, देन्सियोकडे."

"तो तर कधीच पळाला!"

हसत हसत गेली. देन्सियोचं म्हणणं खरं होतं, काही अवघड नव्हतं. मग मात्र कुणीच आलं नाही. गल्लीतून पोरांचा गलका येत होता, पण माझ्या फाटकापाशी कुणी थांबत नव्हतं. घटकाभरापूर्वी कुणी येऊ नये म्हणून देवाला विनवत होते, आता कुणीतरी दार वाजवावं म्हणून कान टवकारून बसले. उघडणार नव्हतेच, पण निदान वाजवावं तरी. माणूस किती मूर्ख असतं बघा.

आणि दार वाजलं.

"निनांग! अहो निनांग!"

आवाज लगेच ओळखला. जोव्हेलिन, दुसरीतली, माझी सगळ्यात धाकटी धर्मलेक. तिची आई व्हेवेंग डिसेंबरात पहाटेच्या मिसांना चर्चबाहेर बिबिंका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा गोड केक, भाजून विकते. मायलेकी दोघीच राहतात.

"कुलूप आहे, बाळा," व्हेवेंग म्हणाली.

"पण चपला इथेच आहेत. त्या बघ, निळ्या."

काल चर्चमधून आल्यावर चपला पुढच्या दारात काढल्या होत्या. सकाळी कुलूप लावताना पायात घरातल्या सपाता होत्या, त्यामुळे निळ्या चपला तिथेच राहिल्या.



"म्हणजे आत आहे ती," जोव्हेलिन कुजबुजली. "जोरात हाक मारू?"

"नको. आज सगळ्याच निनांग बाहेरगावी असतात. चपला घरी असल्या तरी."

"पण आपण मागायला कुठे आलोय? आपण तर द्यायला आलोय."

"ते तिला कसं कळणार? ठेव ते इथे. वरचं पान नीट झाक, मुंग्या लागतील."

"आणि माझा मानो?"

"उद्या कर."

"उद्या नाताळ नसतो," जोव्हेलिन म्हणाली. रडवेली झाली होती.

मी उठून उभी राहिले. दार हातभर अंतरावर होतं, किल्ली माझ्या खिशात होती. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण बाहेरून कुलूप लावलेल्या घरातून हाक द्यायची कुठल्या तोंडाने? मी तशीच उभी राहिले आणि फाटकाची कडी वाजली. मग कुठे माझे पाय हलले. स्वयंपाकघरातून धावले, वाळत घातलेल्या चादरीत अडकले, पुढे येईपर्यंत गल्लीत दुसरीच पोरं होती. रंगीत पिशव्या नाचवत ती माझ्याकडे न बघताच पुढे गेली.

दारात चपलांशेजारी ताटली होती. केळीच्या पानाखाली बिबिंका, अजून गरम. ही विकली असती तर व्हेवेंगला चार पैसे मिळाले असते, असं मनात आलं, तरी मी तिथेच पायरीवर बसून सगळी खाल्ली. खोटं कशाला सांगू, खाताना रडू आलं. आजवर मला नाताळला कुणी काही दिलं नव्हतं. मीही कधी तशी वेळ येऊ दिली नव्हती. दारात पोर दिसलं की आधी खेळणं पुढे करायचं, हीच माझी रीत.

ताटली घासली, पुसली. शेजारची ताटली आमच्याकडे कुणी रिकामी परत करत नाही. डबे उघडून पाहिले आणि ताटलीत थोडी साखर घातली. मग ती परत डब्यात ओतली; आज पुन्हा काहीतरी पुढे करायचं नव्हतं. व्हेवेंगच्या घरी काय होईल ते माहीत नव्हतं. पोर रुसली असेल. कदाचित तीही आधी ताटलीत काय आहे ते बघेल.

पुढच्या दाराचं कुलूप काढलं आणि निळ्या चपला पायात घातल्या. रिकामी ताटली डाव्या हातात धरली. उजवा मानोसाठी मोकळा ठेवला.