घुटीची सहाण

मी कॉलेजात दगड शिकवते. दगड खोटं बोलत नाही, असं दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना ठणकावून सांगते; माणसांच्या बाबतीत माझा अंदाज हमखास चुकतो, एवढं मात्र सांगत नाही. कसबा बावड्यात आमचं घर. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास पार पडद्यांत मुरतो. घरात माणसं मोजकी: नवरा अनेकांत, सासरे बापूसो, सासूबाई रत्नाबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, आणि आमची दोन महिन्यांची बाळी. लग्न होऊन आले तेव्हा या घरातली एक गोष्ट मला फार आवडली होती. इथं कुणी कुणाला हाक मारत नसे. बापूसो गच्चीवर बसलेले असावेत, त्यांना चष्मा हवा असावा, आणि अनेकांतनं आपणहून उठून चष्मा वर नेऊन द्यावा. नणंद बिद्रीला दिलेली. इथं बापूसोंना ठेच लागली की तिकडून तिचा फोन यायचा, ‘आण्णांना काय झालं?’ म्हणून; वडिलांना ती आण्णा म्हणते.

“आमच्यात वरडायला लागत न्हाई,” बापूसो मिशीतल्या मिशीत हसत सांगायचे.

मी आणि आत्ती मात्र हाका मारमारून घसा कोरडा करायचो. समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय दोघांतला एकही पुरुष मान वळवायचा नाही. आता नवऱ्यांना बायकांच्या हाका ऐकू न येणं हा काही एकट्या आमच्या घराचा रोग नव्हे, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

माहेरी आई नाही, त्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. बारशापासून आत्ती बाळीला अंघोळीनंतर घुटी द्यायला लागल्या. सहाणेवर थेंबभर दूध टाकायचं आणि वेखंडाचा एक वळसा, मुरुडशेंगेचे दोन, हळकुंडाचा एक, असं मोजून उगाळायचं. डॉक्टरीणबाईंनी घुटी नको म्हणून बजावलं होतं, तरी मी गप्प बसले, कारण बाळी गुणाची निघाली. तिला भूक लागली की ती रडायच्या आतच अनेकांत तिला उचलून माझ्याजवळ आणून द्यायचा. मैत्रिणी जळायच्या माझ्यावर.

एका सकाळी सहाण धुवायला मी हातात घेतली आणि तिचं वजन मला खटकलं. आपल्याकडचा काळा पाषाण मी डोळे झाकूनही ओळखीन. हा तो नव्हता. खालच्या अंगाला तांबूस ठिपके होते. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून लावलं, तर खालून घट्ट चिकटलं. वरच्या अंगाला, जिथं रोज उगाळलं जायचं, तिथं लावलं, तर ते सरळ खाली पडलं.

बापूसोंना विचारलं. “आभाळातनं आल्याला हाय त्यो,” ते म्हणाले. त्यांच्या आज्याच्या शिवारात भरदुपारी दगड पडला होता. मोठा तुकडा साहेब लोक घेऊन गेले, हा छोटा आजीनं धान्याच्या कणगीत लपवला आणि पुढं घडवून त्याची सहाण केली. तेव्हापासून या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराची घुटी तिच्यावरच उगाळली गेली.

मला तर आनंदानं काही सुचेना. एवढी जुनी, नोंद झालेली उल्का, आणि तिचा हरवलेला तुकडा आमच्या स्वयंपाकघरात! रजेवर होते, तरी कॉलेज गाठलं. सहाणेच्या कडेचा वरपासून खालपर्यंतचा एक टवका काढून लॅबमधल्या भाऊसोंनी मला प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती घासून दिली. सूक्ष्मदर्शकाखाली ते इवलेसे गोल दाणे दिसले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ऑलिव्हिन, पायरॉक्सीन ही खनिजं, लोखंड-गंधकाचं संयुग, मधूनमधून निकेल मिसळलेल्या लोखंडाचे कण. साहेबाच्या शंभर वर्षांमागच्या अहवालात होतं ते सगळं तसंच होतं. अहवालात धातू शंभरात आठ भाग. मी खालच्या अंगाला मोजला, आठच भरला. मग मी चकती सरकवत वरच्या अंगाकडे नेली.

तिथं धातू नव्हता. उगाळून दगड झिजतो तो वरवर झिजतो आणि झिजला तर सगळाच झिजतो. इथं नखभर खोलीपर्यंत बाकीचे दाणे जागच्या जागी होते आणि फक्त धातूच्या जागा मोकळ्या होत्या. गंजाचा डागसुद्धा नव्हता. तीनदा मोजलं, तीनदा शून्य.

मी घरी येऊन जाहीर केलं, दगडातला धातू घुटीतून पोटात जातोय, निकेल लहान मुलांना वाईट, आजपासून घुटी बंद. अनेकांत बरं म्हणाला. आत्तींनी सहाण पुसून फडताळात ठेवली.

दहाव्या दिवशी मी भाजी घेऊन जिना चढत होते, तर बाळीचा टाहो पार खालपर्यंत ऐकू येत होता. आत्ती देवळात गेल्या होत्या. धावत वर गेले. पाळण्याला टेकूनच खुर्ची टाकलेली, तिच्यावर अनेकांत पेपर वाचत होता. शेजारी बापूसो बशीतनं चहा पीत होते. बाळी रडून रडून काळीनिळी झाली होती.

“अहो!” मी त्याच्या समोर जाऊन ओरडले. “रडतीय की ती!”

त्यानं पाळण्यात वाकून पाहिलं. “अगं बाई गं, व्हय की,” म्हणाला, आणि इतक्या मायेनं तिला उचललं की मला भांडताही येईना. तो कानानं अधू नव्हता. कुकरची शिट्टी त्याला ऐकू येत होती, दूधवाल्याची सायकलसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी आत्तींना स्वयंपाकघरात गाठलं.

त्या मेथी निवडत होत्या. या दोघांना बाळीचं रडणं ऐकू का येत नाही, मी विचारलं.

“अनेकांतच्या आधी एक हुता मला,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्यासारखीच हट्टी. निपाणीहून माझ्या आईची सहाण आणली, ह्यांच्या दगडावरच्या घुटीचं बोट पोराला लागू दिलं न्हाई. अडीच वर्साचा हुता. हिरीत पडला. हे, सासरं आन् दीर काठावरच भाकरी खाईत बसल्यालं. मी तीन शेतं लांब हुते. मला ऐकू आलं. त्यास्नी न्हाई.”

“मुद्दाम?”

“न्हाई गं. अजून नाव काढलं की रडत्यात हे. पर ऐकूच आलं न्हाई म्हणत्यात.”

बाहेर बाळी रडायला लागली, आणि अनेकांतच्या पेपरचं पान शांतपणे उलटल्याचा आवाज आला. आज ती पाळण्यात होती. उद्या रांगेल, परवा जिन्याकडे जाईल, आणि मी कायम घरात थोडीच असणार होते. मला शिकवलेलं, मी शिकवलेलं सगळं एका क्षणात बाजूला सारून मी फडताळ उघडलं. सहाणेवर दूध टाकलं. वेखंडाचा एक वळसा. मुरुडशेंगेचे दोन. हळकुंडाचा एक. मोजणी चुकू दिली नाही.

बाहेर जाऊन बाळीला मांडीवर घेतलं आणि बोटानं घुटी चाटवली. ती मिटक्या मारत गप्प झाली. शेजारी अनेकांतनं पेपर खाली ठेवला, हात पुढं केले आणि मी काही बोलायच्या आत तिला माझ्याकडून घेतलं. गच्चीवरून बापूसो लगबगीनं उतरून आले. दोघं तिच्यावर वाकले. बाळी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

“अहो,” मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं. मग तिच्या नावानं हाक मारली. तिघांतलं कुणीच वळलं नाही.

मी स्वयंपाकघरात परत आले. सहाणेवर घुटीचा ओलसर पट्टा अजून उरला होता. मी तो बोटानं पुसून घेतला आणि जिभेवर ठेवला. कडू होता.

“मीबी चाटायचे,” आत्ती मेथी निवडत म्हणाल्या. “धा वर्सं रोज. मोठ्या माणसाला लागू पडत न्हाई गं.”